रिठेअम्माचं गाठोडं

गाठोडं सोडायच्या आधीच, नुसत्या वासावरून, रिठेअम्मा बाळाची तब्येत सांगायची. "रात्री पोट फुगलं होतं ना, तल्ली? तू हरभऱ्याची डाळ खाल्ली." मी नाही म्हणायची, आणि मग मला आठवायचं. गौलीगुड्यातल्या बाळंतिणींच्या घरी ती रोज सकाळी बाळुती न्यायला यायची. बाई तेलुगू. 'तल्ली' म्हणजे आई, पण तिकडे लेकीबाळींनाही लाडानं असंच म्हणतात.

साबणाशी तिचं वैर होतं. "साबण नक्को. साबण लेकराच्या चमडीत बसतो, राख निघून जाते." चुलीची राख ती फडक्यातून चाळून घ्यायची, रिठे भिजत घालायची आणि मुसीच्या काठावर बाळुती धुवायची. पण घाणीचं पहिलं पाणी नदीत नाही. ते बादलीनं वाहून कुणाच्या तरी पपईच्या मुळाशी. नदीतलं पाणी खालच्या गावांत पितात, एवढंच तिचं म्हणणं. आमच्या जुन्या धोतरांची ती फडकी कडक उन्हात वाळून संध्याकाळी परत यायची तेव्हा मी ती गालाला लावून बघायची.

तिचा एकच कायदा: तिच्याआधी बाळुत्याला कुणी पाणी लावायचं नाही. गरम पाण्यानं डाग पक्का होतो, असं ती सांगायची. ते खरंच होतं. दुसरं कारण मला नंतर कळलं.

देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं संस्थान मात्र कुठे जाणार ते ठरत नव्हतं. पुलावर चौकी बसली. पिशव्या, डबे, भाजीच्या पाट्या, सगळं उपसून बघत. रिठेअम्माचं गाठोडं कुणी उघडत नसे. एकदा गाठोड्यात बाळुतं टाकताना माझ्या हाताला कागद लागले. छापील पत्रकं, संस्थान भारतात यावं म्हणणारी. माझे दीर शाळेत शिकवत; ती त्यांनी ठेवली होती. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी अम्माला गाठलं. माझं घर जाईल, म्हटलं. ती हसली. "चौकीवाल्यांना पण नाक आहे, तल्ली. लेकराची घाण कोण उघडतो? पलीकडे माणसं वाट बघतात." हे थांबव म्हणून मी विनवलं. तिनं विचारलं की, तुझी मुलगी मोठी होईल तेव्हा कुणाचं राज्य पाहिजे तुला? मला राज्य नको होतं. आम्ही चौघं जगावीत, एवढंच हवं होतं.

एका पहाटे मी सगळी बाळुती स्वतःच धुऊन काढली, साबणानं. न्यायला काही उरलंच नाही, तर ती रिकाम्या हातानं परत जाईल, असा माझा हिशेब. ऊन आल्यावर वाळत घालू म्हणून ओलीच रोजच्या कळकट फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. मुलीला पाजायला आत गेले. बाहेर आले तेव्हा दिरांनी आपलं काम उरकलं होतं आणि सर्दीनं नाक चोंदलेली रिठेअम्मा गाठोडं डोक्यावर घेत होती.

अंगणात हे चहा पीत बसले होते. बोलावं, तर सगळं त्यांच्यासमोर उघडं पडणार. त्याच वेळी माझ्या हातातल्या पोरीनं बाळुतं भरवलं. 'हेही घे' म्हणून ते वर ठेवलं असतं, तरी भागलं असतं. एक शब्दही जास्त बोलावा लागला नसता. अम्मानं हात पुढे केलासुद्धा.

"राहू दे, हे मी धुते," मी म्हटलं.

पुलावर गाठोड्याला साबणाचा वास आला. त्यांनी ते उघडलं.

भारताची फौज आली, त्यानंतर अम्मा तुरुंगातून सुटली. कुणाच्या घरचं गाठोडं, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. ती आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. कुणीतरी चुगली केली असणार, असं दीर म्हणत, आणि मी ऐकून घेत असे. त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, हातात धरून ठेवलेल्या बाळुत्यासकट.

 अम्मा म्हणाली, "तू डरली, त्याचा राग नाही. मी पण डरत होते, रोज. पण तू मला बघत होतीस, तल्ली. मी जाईपर्यंत बघत होतीस."

माझी मुलगी दारात धरून धरून चालत होती. तिच्या डोक्यावरून अम्मानं डावा हात फिरवला आणि ती गेली. शेजारच्या घरी यायची, आमच्या दारावरून जायची. थांबली नाही.

दिरांचा पुढे सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. वर्षभरानं मला मुलगा झाला. कामाला बाई ठेवू, हे म्हणाले. मी नको म्हटलं. त्याची बाळुती मीच धुतली. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.