लेकीच्या सायकलच्या पेटीत

ये गो बाय, अशी जवळ बस. उंबऱ्यावर उभं राहून काय बोलतेस? परवा बाजारात भेटलीस आणि चार बायकांत म्हणालीस, "काकू, तुमची लेक फ्रान्सला जाऊन शेफारली, माझा फोनच उचलत नाही." असं बोलतात होय? शाळेत दोघी एका बाकावर बसलात, माझ्या हातची भाकरी एका ताटात मोडलीत, आणि तू चौकशी न करताच रुसलीस. वेडी कुठली. अगं, ती या घरातसुद्धा पाय ठेवायला तयार नाही. का, ते ऐक.

मी तिच्या बाळंतपणाला गेले हे सगळ्या गल्लीला ठाऊक. परत आले तेव्हा म्हटलं, "नशिबात नव्हतं." कुणी पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपल्याकडे रीतच तशी. दात न आलेल्या लेकराचं ना सुतक, ना नाव.

जाताना मी बॅग भरली होती ती काय सांगू. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची दुपटी. विमानतळावरच्या माणसाने डिंकाची पिशवी नाकाशी नेऊन हुंगली, मग दुसऱ्याला हुंगायला दिली. मी म्हटलं, "घे, खा, तुझी पण कंबर घट्ट होईल." तो हसला. तेवढंच हसू झालं बघ.

मी पोचले त्याच आठवड्यात लेकीच्या पोटातलं हलणं थांबलं. मेलेलं मूल जन्माला घालायलासुद्धा तेवढ्याच कळा द्याव्या लागतात बाय. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मुलगी होती. डोक्यावर दाट काळं जावळ. तिथल्या नर्सने तिला धुऊन, कपड्यात गुंडाळून लेकीच्या हातात दिली, मग माझ्या. मी घेतली. लेकीने तिचं नाव ठेवलं, ते तिथल्या कागदावर चढलं, गावाच्या दफनभूमीतल्या छोट्या दगडावर कोरलं गेलं. लेक मला म्हणाली, "आई, तू पण हाक मार ना." माझी जीभ काही उचलेना.

दूध यायचं ते आलंच. मी छाती कापडाने बांधली, लाडू वळले. ती म्हणाली, "लाडू कशाला? बाळ कुठे आहे?"

"अंग तर बाळंतिणीचंच हाय ना गो. खा."

ती भिंतीकडे तोंड करून खायची. रडायची नाही. सव्वा महिना तिला मी घराबाहेर पडू दिलं नाही, आणि तो सरला तशी एका सकाळी तीच उठून म्हणाली, "आपण सायकलवर जाऊ. ठरवलं होतं तसंच."

ठरवलं काय होतं, तर तिकडे नदीच्या बाजूने जुना कालवा आहे, पूर्वी काठावरून दोर लावून बोटी ओढायचे त्यातून. त्याच्या काठाचा रस्ता आता सायकलींसाठी ठेवलाय. गावागावांतून जातो. कोपऱ्याकोपऱ्यावर सायकलीचं चित्र काढलेली हिरवी पाटी. लोक पिशव्या बांधून आठवडाभर नुसते फिरतात. लेक आणि जावई दर वर्षी जायचे. या वर्षी बाळाला नेणार होते, म्हणून त्यांनी आधीच एक बॅटरीची सायकल घेऊन ठेवली होती, पुढे लाकडी पेटी असलेली. पेटीत गादी, पट्टा, वर पारदर्शक छप्पर. कोरी करकरीत.

"आई, तू त्यात बसायचंस," लेक म्हणाली.

"मी? मी काय पोर हाय?"

जावई हळूच म्हणाला, "बसा आई. रिकामी पेटी घेऊन ती चालवू शकणार नाही."

मग काय बोलणार? माझं वजन ते किती, बसले. गुडघे पोटाशी घेऊन, डोक्याला स्कार्फ बांधून. मागे लेक पायडल मारतेय, तिचा श्वास माझ्या टाळूवर येतोय.

तुला वाटेल, फ्रान्सचा देखावा सांगेन. देखावा होता ना. झाडांची कमान, पाण्यावर त्यांची सावली, पांढऱ्या धिप्पाड गाई. पण आम्ही गेलो ते दिवस सूर्यफुलं संपल्याचे. मैलोन्‌मैल शेत, आणि सगळी झाडं काळी पडून माना टाकून उभी. गावं दगडी, नेटकी, खिडक्यांच्या फळ्या बंद. माणूस दिसायचा नाही. दुकानं बंद, पाव विकायला भिंतीत एक यंत्र बसवलेलं. चौकात लढाईत मेलेल्यांचा खांब, त्यावर एकाच आडनावाची तीन तीन नावं. लेक प्रत्येक गावात थांबून ती नावं मोठ्याने वाचायची. इथे आपल्याकडे निजामपुऱ्यात कापडाच्या लूमच्या खडखडाटात माणूस स्वतःशी रडला तरी चालतं, कुणाला ऐकू जात नाही. तिकडे एवढी शांतता की मला माझा घोट गिळल्याचा आवाज यायचा.

रस्त्यात जो भेटेल तो "बोंजूर" म्हणायचा. मी "रामराम" म्हणायची. म्हातारी लहान पोराच्या पेटीत बसलीय बघून लोकांना मजा वाटायची. हात हलवायचे. कालव्यात बोटी वरखाली करायला पाण्याचे दरवाजे असतात, तशा एका दरवाज्याशी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याने टोपी उचलली आणि हसत काहीतरी बोलला. मी पण हसले.

"काय म्हणाला हो?" मी जावयाला विचारलं.

त्याने आधी लेकीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणाला, केवढं मोठं बाळ!"

मागचं पायडल थांबलं. मी मान वळवली नाही. त्या म्हाताऱ्याचा काय दोष? थोड्या वेळाने सायकल पुन्हा चालू लागली.

दुपारी पाणी संपलं. जावई म्हणाला, दफनभूमीत नळ असतो, सगळे सायकलवाले तिथेच भरतात. मी म्हटलं, "मसणातलं पानी प्यायचं?"

"नळाचंच आहे आई. फुलांना घालायला असतं."

मी फाटकाबाहेर उभी राहणार होते, पण लेक आत शिरली ती बाहेरच येईना, म्हणून गेले. ती एका कोपऱ्यात उकिडवी बसली होती. वीतभर थडगी होती तिथे, चिनी मातीची फुलं ठेवलेली. कोणाचं एका दिवसाचं लेकरू, कोणाचं दोन.

"बघ," ती म्हणाली, "यांची नावं आहेत. तू एकदाही घेतलं नाहीस. एकदा घे."

"नाव घेतलं की जीव अडकून राहातो, असं माझी सासू सांगायची."

"अडकू दे ना! तुझं काय जातं?"

बाय, मग मी तिला ते सांगितलं, जे तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या आधी मला एक मुलगी झाली होती. दिघाशीला, सासरच्या घरी. दोन दिवस जगली. सासऱ्यांनी पाटीत घातली, वर कापड टाकलं आणि शेताच्या बांधाला पुरली. मला उठू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "आता ते तोंडातून काढायचं न्हाय, पुढचं नीट होईल." पुढची ही झाली. पुढे जमीन गेली, शेतावर गोदाम आलं. बांध कुठला आणि कोपरा कुठला, काही कळत नाही. वज्रेश्वरीला जाताना बसच्या खिडकीतून निळे पत्रे दिसतात आणि कंटेनरची रांग.

लेकीने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"नव्हतं."

"मग तिला हाक कशी मारतेस?"

"मारतच न्हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल, दोघी रडू. तसं काही झालं नाही. ती उठली, बाटली भरली आणि म्हणाली, "तुझीला गोदामाखाली घातली. माझीला पण तिथेच घालणार तुम्ही. मी त्या घरात येणार नाही, आई. जिथे माझ्या मुलीचं नाव घेतील, तिथे येईन."

पुढचा रस्ता राहिला. तिथूनच उलट फिरलो. त्याच काळ्या शेतांतून मी पेटीत बसून परत आले. मागचा श्वास आता दमलेला होता. जावई मधे मधे "आई, थंडी वाजते का?" विचारायचा. ती काही विचारत नव्हती.

आता मी चूक की ती, ते मला ठरवता येत नाही. माझ्या सासूनेही मला जगवायलाच ते सांगितलं असेल. पण इथे परत आल्यावर एकदा भाकरी थापताना, शेजारचे लूम चालू असताना, मी नातीचं नाव घेतलं. काही झालं नाही. तवा तापलेलाच होता. मग ह्यांच्यासमोर घेतलं. हे म्हणाले, "झालं गेलं ते झालं," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जावेपुढे घेतलं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "अशुभ काढू नको गो." लेकीला फोनवर म्हटलं, मी घेतलं नाव. तिने विचारलं, "आणखी कुणी घेतलं?" "अजून न्हाय," मी म्हटलं. तिने फोन ठेवला. तिकीट तिने काढलेलं नाही.

म्हणून तुला जवळ बसवून सांगतेय. नातीला हाक मारणारं दुसरं तोंड या गावात मला अजून मिळालेलं नाही. तुझी घाई मला दिसतेय, रिक्षावाला बाहेर हॉर्न मारतोय. आज जा. पण सवड काढून लवकर ये, पोरांना घेऊन ये, भाकरी माझ्याकडेच खा. मग माझ्या फोनवरून लेकीला फोन लावू आणि तू विचार, तिची लेक कशी होती, जावळ कसं होतं. नातीचं नाव तुला तेव्हा सांगेन, आणि तू ते घे. ये हां बाय. फार दिवस लावू नको.