मिसळीसमोर ताक

डिसेंबरातला रविवार, पुणे. हजर: मी, हे आणि नणंदबाई. यादीत आधी मिसळ, मग बाकरवडी, शेवटी मस्तानी.

गर्दीमुळे आम्ही एका आजोबांच्या टेबलावर बसलो. त्यांच्यापुढे फक्त ताक होतं. मी भराभर मिसळ कालवू लागले.

"अहो, गाडी सुटतेय का? आधी नुसता रस्सा घ्या."

मी घेतला. डॉक्टरांनी आजोबांचं तिखट बंद केलंय म्हणे, तरी दर रविवारी ते इथेच येऊन बसतात. माझा चमचा तोंडाशी जाईपर्यंत त्यांची नजर हलली नाही.

"चव पूर्वीसारखीच आहे ना?"

"झकास आहे!"

"ते दिसतंय. पूर्वीसारखी आहे का?"

मी तर पहिल्यांदाच खात होते. पूर्वीसारखी आहे का हे सांगायचं तर पुन्हा एकदा येऊन खायला हवी. बाकीची यादी झाली. त्यांना उत्तर द्यायचं तेवढं राहिलंय.