आमच्याच टोळीची कावीळ

दोन्ही टोळ्या एकाच टँकरचं पाणी प्यायच्या, मग कावीळ आमच्याच टोळीला का? दिसेल त्याला मी हे विचारलं. उत्तर कुणी दिलं नाही, किस्से मात्र साचत गेले.

दुष्काळात आम्ही जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडायचो. अंग ठणकायचं. मग एक डॉक्टर सायकलवरून येऊन सगळ्यांना ताकदीची सुई टोचायचा. पलीकडच्या टोळीकडे जायला ओढा आडवा होता, सायकल जायची नाही. ती माणसं आमच्यावर जळायची. आमचा मुकादम दंड पुढे करून म्हणायचा, "डॉक्टर, दुखंल अशी द्या. न दुखणारी लागू पडत न्हाई."

*

पुढे एकेकाचे डोळे पिवळे व्हायला लागले. माझा थोरला भाऊ आण्णा, त्याचेही. मुकादमाने सगळ्यांना वैदूकडे नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ. आण्णाचं झालं. माझंही झालं. धडधाकट मुकादमाचंही झालं! मला शंका आली, म्हणून वैदूलाच हात धुवायला लावले. पाणी पिवळं. तो शांतपणे म्हणाला, "माझी जुनी हाय."

*

आईने घरातलं पिवळं ते सगळं लपवलं. हळद गेली, डाळ गेली. पिवळं लुगडं नेसून आलेल्या शेजारणीला तिने दारातूनच परत पाठवलं. आण्णा अंथरुणातून म्हणाला, "आये, मग मला बी भाईर काढ की."

*

टोळीतली माणसं मरायला लागली, तेव्हा नगरहून एक साहेब आला. टँकरचं पाणी बघितलं, पलीकडे जाऊन आला. तिकडे सगळे ठणठणीत. मग त्याने डॉक्टरला विचारलं, सुई उकळता का?

डॉक्टर दुखावला. "उकळतो की. दर सोमवारी."

साहेब आम्हाला काही न सांगताच जीपमध्ये बसला. त्याच आठवड्यात पलीकडच्या टोळीने ओढ्यात दगड टाकून वाट केली. सायकलसाठी.

*

आण्णाच्या डोक्यावर काविळीची माळ घातली होती, मुळ्यांच्या तुकड्यांची. ती आपोआप वाढत खाली सरकते. पायांतून निघाली की कावीळ उतरली. आण्णाची खांद्यांवरून उतरली आणि कमरेवर थांबली. "माझ्यागतच हाय," तो म्हणाला, "बसली की उठत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आण्णा गेला.

तिरडीवर घेताना मुकादम म्हणाला, माळ तोडून टाक. मी तोडली नाही. कमरेवरून सोडवली, मांड्यांवरून, गुडघ्यांवरून हळूहळू ओढत दोन्ही पायांतून काढली.

"आये," मी म्हणालो, "उतरली."