आर्डिथचा नेम

माझी धाकटी बहीण आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिचा नवरा रॉइस तुरुंगातून सुटला आणि तिने घराचे सगळे पडदे ओढून घेतले. न्यायालयाने त्याला तिच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. तो लांबच राहायचा. रस्त्याच्या वळणावर, बरोबर हद्दीबाहेर, ट्रक लावून नुसता बसायचा. शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, माणूस बघून गेला आणि त्याने हात वर केले.

माझा नवरा क्लीट नेमबाजीचं मैदान चालवतो. त्याने तिला पिस्तूल आणून दिलं, वर नेम धरायची लाल ठिपक्याची काच बसवलेलं.

"माणसाकडे बघायचं. ठिपका त्याच्यावर आला की ओढ चाप."

"ठिपका कुठला? टोमॅटो फुटल्यासारखं दिसतंय."

"डोळे दाखव कुणाला तरी."

"दाखवले. बुबुळाची गोलाई वाकडी आहे, चष्म्यानेही पुरतं भागत नाही म्हणाले."

तिने हट्टाने ती काच काढायला लावली. मग राहिला नळीच्या टोकाचा लोखंडी खुंट आणि मागची खाच. जवळचा चष्मा लावला की खुंट कसा स्वच्छ दिसायचा! मैदानावर तिच्या गोळ्या एका बशीत मावतील अशा लागल्या.

मार्चमधल्या एका दुपारी वळणावर ट्रक नव्हता, आणि मागच्या दाराची कडी वाजली. आर्डिथ जवळचा चष्मा लावून घरातल्या बोळात पिस्तूल रोखून उभी राहिली. कोण आहे म्हणून तिने विचारलं नाही. खुंट खाचेत नीट बसला. त्याच्यापलीकडे दारात एक करडा डाग हलत होता.

"अगं, फोन का उचलत नाहीस? हरणाचं मटण आणलंय."

क्लीटचा आवाज. ती तिथेच खाली बसली. त्याने तिच्या हातातून हळूच पिस्तूल काढून घेतलं.

"मी आहे गं. मीच आहे."

"खुंट दिसत होता मला, क्लीट. तू दिसत नव्हतास."

त्याने काच परत बसवून दिली. ठिपका अजून फुटलेलाच दिसतो, पण लांबच्या चष्म्यातून त्याच्यामागचा चेहरा ओळखू येतो.

"म्हणजे रॉइसचाही येईल," ती मला म्हणाली. "चांगला ओळखू येईल."

पुढे तिने शाळेची नोकरी सोडली. ट्रक वळणावर येतच राहिला. मी म्हटलं, आमच्याकडे राहायला ये.

"तो तिकडेही येईल," ती म्हणाली, "आणि तिथे तुझी नातवंडं खेळत असतात."