नव्याण्णवची दुसरी किल्ली

एक पडदा इस्त्री होऊन खिडकीला चढला होता. दुसरा टेबलाच्या टोकाला तसाच पडला होता, निम्मा सपाट, निम्मा चुरगळलेला. मायवोरने इस्त्री उभी करून ठेवली होती आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाकून चिमट्याने एक पितळी पत्री स्पिरिटमध्ये बुचकळत होती. पत्री केवढी, तर करंगळीच्या नखाच्या निम्मी. अशा सात. तिच्या नवऱ्याच्या, एवाल्डच्या गाडीच्या इग्निशनचं कुलूप म्हणतात ते त्या सात पत्र्यांचं आणि सात केसाएवढ्या स्प्रिंगांचंच.

"साफ झाली का न्याहारी?" ओस्तेनने दारातूनच विचारलं. तो समोरच्याच घरात राहणारा. साबच्या मोटारींच्या कारखान्यात एवाल्ड सीटा बसवायचा तेव्हा पलीकडच्या बाजूला हा दारं बसवायचा.

"एकेचाळीस वर्षांची न्याहारी आहे रे," मायवोर म्हणाली. "वेलदोडा निघाला, साखर निघाली, आणि कॉफी तर विचारूच नकोस. नुसता डांबरासारखा थर."

"एवाल्ड आम्हाला गाडीत साधी गोळी चघळू द्यायचा नाही. स्वतःची मात्र बेकरी!"

स्वीडनमधल्या या ट्रोलहेट्टन गावात निम्म्या घरांपुढे कारखान्याची गाडी उभी असे, तशी यांच्या घरापुढे साबची नव्याण्णव. आकड्यानेच हाक मारायची तिला. तिची किल्ली स्टिअरिंगपाशी नसून दोन सीटांच्या मधे, खाली. रिव्हर्स गिअर टाकल्याशिवाय किल्ली निघत नाही. गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाहेरचा पाहुणा मात्र दुकानापुढे गाडी उभी करून किल्लीशी झोंबत बसतो आणि लोक बाकावर बसून मजा बघतात. एवाल्ड पाव खात गाडी चालवी. दुसऱ्या सीटवर बसून मायवोर त्याच्या हातात थर्मासचं झाकण देई. जे सांडायचं ते दोघांच्या मधे सांडलं.

एवाल्ड जाऊन दोन हिवाळे झाले. गाडी तशीच उभी होती. सोमवारी ओस्तेनने बॅटरी चार्ज करून दिली, आणि मायवोर किल्ली फिरवायला गेली तर ती फिरेना. ओढून, दाबून, लोण्याचं बोट लावून झालं. मग तिने स्वतःच चार स्क्रू काढले आणि कुलपासकट स्विच एप्रनमध्ये घालून स्वयंपाकघरात आणला.

आज बुधवार होता. उद्या येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. त्या दिवशी चर्चची मंडळी पहाटे डोंगरावरच्या रानात जमते, कॉफी होते, गीत होतं आणि सगळे कुकू पक्ष्याची हाक ऐकतात. हाक कुठल्या दिशेने आली त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं: उत्तरेची दुःखाची, पूर्वेची धीराची, दक्षिणेची मरणाची, पश्चिमेची सगळ्यांत भाग्याची. पाळक दरवर्षी सांगत की हे बायबलमध्ये कुठे नाही, आणि दरवर्षी स्वतःही कान टवकारत. मायवोर आणि एवाल्ड मात्र सगळ्यांच्या आधी तासभर जायचे. तळ्याच्या वळणावर गाडी लावायची, काचा खाली करायच्या आणि गप्प बसायचं. एकेचाळीस वर्षं हा एक तास कुणाला सांगितला नव्हता. मंडळीची व्हॅन पाच वाजता येणार होती, "मायवोर, तुझी जागा धरली आहे" असा निरोपही आला होता. पण व्हॅनमध्ये चौदा माणसं, चौदा थर्मास, आणि गुडघेदुखीच्या गप्पा. त्या एका तासासाठी गाडी सुरू व्हायला हवी होती. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

पत्र्यांचा क्रम चुकून चालणार नव्हता, म्हणून तिने बिस्किटांच्या सात कागदी वाट्या ओळीने मांडल्या होत्या. कॉफीला पाहुणे आले की सात प्रकार ठेवायचे ही तिच्या आईची शिस्त. सहा ठेवले तर कंजूष, आठ ठेवले तर शेखी. त्याच क्रमाने पत्र्या: पहिली जामच्या बिस्किटाची, दुसरी ओटच्या, तिसरी बदामाच्या, अशी सातवी आल्याच्या बिस्किटापर्यंत. असं केलं की विसरायची सोय नाही.

"बारीक कानस आहे का तुझ्याकडे? पुढे लागली तर असावी," ओस्तेन म्हणाला.

"एवाल्डच्या खणात असेल. चल, डबे जड आहेत."

दोघं गॅरेजमध्ये गेली. डबे हलवायचे, आणि प्रत्येक डब्यापाशी ओस्तेनला काहीतरी आठवायचं. यात पाव तास गेला. परत आली तेव्हा स्वयंपाकघरात गुलब्रिट उभी होती, एवाल्डची मोठी बहीण, हातात ओलं फडकं. केकचा डबा परत द्यायला आली होती. ऐंशीची झाली तरी चकचकीत नसलेल्या टेबलाजवळ तिला बसवत नसे.

"काय दशा केली होतीस गं टेबलाची!" ती म्हणाली. "मी जरा आवरलं."

सात कागदी वाट्या एकात एक घालून कचऱ्याच्या डब्यात गेल्या होत्या. पत्र्या आणि स्प्रिंगा एका बशीत, एकत्र.

मायवोर बशीकडे बघत राहिली. "गुलब्रिट, त्या ओळीने होत्या."

"सात उष्ट्या वाट्या होत्या. प्रत्येकीत एकेक कण. मला वाटलं, हिची नजर गेली आता."

"ती एवाल्डची गाडी होती."

"बशीत?"

ओस्तेन खाली बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता खोकायला लागला. मायवोरला हसू आलं नाही. तिने खुर्ची ओढली. गुलब्रिटचा चेहरा उतरला. तिने फडकं सिंकमध्ये पिळलं, मग आणखी एकदा पिळलं.

"पत्र्यांवर आकडे असतात ना रे?" गुलब्रिटने ओस्तेनला विचारलं.

"होते. झिजले." त्याने भिंग लावून एवाल्डची किल्ली उजेडात धरली. "आणि हिचे दात बघ. माझ्या हिरड्या बऱ्या. कुठली खाच कुठल्या पत्रीची, काही कळत नाही. दुसरी किल्ली नव्हती का?"

होती. गाडी आली त्या दिवशी एवाल्डने दोन किल्ल्या दोन मुठींत लपवून "कुठली?" म्हणून विचारलं होतं, आणि मायवोरने निवडली ती तिची झाली. पहिल्याच महिन्यात तिने फाटकाच्या खांबाला गाडी घासली. एवाल्ड चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो बोलला नाही म्हणून तिने ती गाडी पुन्हा चालवली नाही. पुढे मंडळीतल्या म्हाताऱ्यांना उपासनेला आणायला बारा वर्षं व्हॅन हाकली, बर्फात हाकली, पण नव्याण्णवमध्ये ती कायम उजवीकडे, चालवणाऱ्याच्या शेजारी बसली; तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. किल्ली शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली राहिली.

ती आणली. दात नवे कोरे, धारदार. तिच्या खाचा स्पष्ट होत्या, म्हणून एकेक पत्री लावून बघता आली: ही खोल खाच, हिला ही उंच पत्री. गुलब्रिटने स्वतःहून भिंग धरलं आणि तासभर हात हलू दिला नाही. तिच्या परीने ती माफी होती. सातही पत्र्या जागेवर बसल्या. पण मायवोरची किल्ली आत असताना प्रत्येक पत्री कुलपाच्या आतल्या फिरत्या नळीच्या कडेवर केसभर उभी राहत होती. तेवढ्याने कुलूप अडत होतं.

"क्रम बरोबर आहे," ओस्तेन म्हणाला. "पत्र्या झिजल्यात. एवाल्डच्या किल्लीबरोबर झिजल्या, त्याच किल्लीच्या मापाने. एकत्र नांदल्या म्हण."

"म्हणजे माझीच किल्ली उपरी."

"तसंच काहीसं."

एवाल्डची किल्ली घालून बघितली. एकदा फिरली. मग चार वेळा नाही. मग अर्धी फिरून अडकली.

"मळ निघाला तरी ही आता अशीच करणार. दातच उरले नाहीत," ओस्तेन म्हणाला. "हिची नक्कल काढलीस तर नक्कलही बोळकीच. नवा स्विच मागवला तर दोन आठवडे. आजच्या आज एकच होऊ शकतं. तुझी किल्ली आत ठेवायची आणि वर आलेल्या पत्र्या कानशीने नळीबरोबर करायच्या. दहा मिनिटांचं काम. तुझी किल्ली लोण्यासारखी फिरेल."

"आणि एवाल्डची?"

ओस्तेनने चष्मा काढून पुसला. "आत जाईल. फिरणार नाही. पुन्हा कधीच नाही."

"म्हणजे माझ्या भावाची किल्ली फेकायची?" गुलब्रिट म्हणाली.

"फेकायची कुणी म्हटलं? तुला आवरायचंच असेल तर माझं घर आवर."

मायवोरने दोघांना कॉफी ओतली आणि आपण सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. एवाल्डची किल्ली तिच्या मुठीत होती, अंगठ्याच्या जागी खोलगट झालेली. तो खळगा तिच्या अंगठ्याला मोठा होत होता.

रुग्णालयात शेवटच्या दोन दिवसांत एवाल्ड बोलत नव्हता. नुसता उजवा हात अंथरुणाच्या कडेला, कमरेपाशी, चाचपडत राही. तिने पाण्याचा पेला दिला, रुमाल दिला, घंटेचं बटण दिलं, शेवटी आपला हात दिला. त्याने तो हलकेच बाजूला केला आणि पुन्हा चाचपडू लागला. सगळं संपल्यावर ओस्तेन तिला आपल्या नव्या गाडीतून घरी आणायला आला. ती गाडी बटणावर सुरू होणारी, आणि ओस्तेनचा हात सवयीने दोन सीटांच्या मधे खाली गेला, रिकाम्या जागेत किल्ली शोधू लागला. तेव्हा मायवोरला कळलं. त्याची किल्ली त्या वेळी तिच्या पर्समध्येच होती. दोन्ही दिवस होती.

आणि त्याआधीच्या मे महिन्यात, तळ्याच्या वळणावर, एवाल्डचे कान गेलेले होते. "कुठून गं?" त्याने विचारलं. हाक दक्षिणेकडून आली होती. मायवोरने "पश्चिमेकडून" म्हणून सांगितलं. जन्मात तिने नवऱ्याशी खोटं बोललेलं ते एवढंच. प्रभूपुढे तिने ते कितीदा कबूल केलं होतं, पण क्षमा मागायला तोंड उघडलं की शब्द भलतेच येत: पुन्हा एकदा विचारू दे त्याला. पुन्हा विचारलं तरी मी तेच सांगीन.

तिने डोळे मिटले. आताही तिने क्षमा मागितली नाही, त्याला परत मागायचं तर तिने मागच्याच वर्षी सोडलं होतं. ती एवढंच म्हणाली, प्रभू, मी ही किल्ली धरून बसले तर ती दाराशी अडकेल, वळणावर अडकेल, आणि मी गाडी सोडून व्हॅनमध्ये बसेन. मग उरेल ते काय? किल्ली उरेल. तो तास उरणार नाही.

"दे ती कानस," ती वळून म्हणाली.

"मी करतो की."

"तुझे हात थरथरतात. बशी धर."

तिने आपली किल्ली आत घातली, नळी फडक्यात धरली आणि पहिल्या पत्रीवर कानस ओढली. जामचं बिस्किट, ती मनात म्हणाली. तीन ओढी, चार. पितळेची सोनेरी भुकटी बशीत पडली. ओट. बदाम. चौथ्या पत्रीशी थांबून तिने नाक पुसलं, आणि गुलब्रिटने तिच्यापुढे रुमाल सरकवला. सातवी झाल्यावर बोट फिरवलं तर नळी गुळगुळीत लागली, कुठे काही टोचलं नाही.

कुलूप जुळवून तिघं गॅरेजमध्ये गेली. स्विच बसवताना स्क्रूने एकदा हातातून उडी मारली आणि तो सीटखालून काढायला गुलब्रिट गुडघ्यांवर बसली, कपड्यांची पर्वा न करता. मायवोरने आधी एवाल्डची किल्ली घालून बघितली. आत गेली, फिरली नाही. तिने ती तशीच दोन मिनिटं राहू दिली. कुणी घाई केली नाही. मग काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मग ती गाडी चालवणाऱ्याच्या जागी बसली, आपली किल्ली घेऊन. डावा हात दाराशी खाली गेला आणि तिथे चाचपडत राहिला. एकेचाळीस वर्षं किल्ली तिच्या डाव्या अंगाला होती. उजवीकडच्या सीटवर बसणाऱ्याला ती डावीकडेच.

"अगं, इकडे!" ओस्तेन खिडकीतून म्हणाला. "तू आता त्या बाजूला नाहीस."

"माहीत आहे मला," मायवोर म्हणाली. "मला माहीत आहे, हाताला माहीत नाही."

तिने किल्ली उजव्या हातात घेतली आणि खाली घातली. लोण्यासारखी फिरली. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, मग घरघरत सुरू झाली आणि गॅरेजभर निळसर धूर झाला. गुलब्रिट फडक्याने धूर हाकलू लागली, जणू तोही आवरायचाच होता. उजवीकडची सीट इंजिनाबरोबर हलकेच थरथरत होती. मायवोरने त्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"रिव्हर्स," ओस्तेन म्हणाला. "टाकून बघ, किल्ली निघते का."

निघाली.

"आता ऐक. टाकीत दोन वर्षांचं पेट्रोल आहे, पाण्यासारखं झालं असेल. त्यावर डोंगर चढायचा नाही. ताजं घालून आण, आणि टायरमध्ये हवा."

"पंपावर मी एकटी जाते," मायवोर म्हणाली.

तिने पुन्हा किल्ली फिरवली, आरशात फाटकाचा खांब नीट बघून घेतला आणि गाडी मागे काढली. पेट्रोलपंप चौकाच्या पलीकडे होता. वीस लिटर आणि चारही चाकांत हवा; मग पहाटे, व्हॅनच्या आधी, तळ्याचं वळण.