तुळजाच्या फॉर्मवरची सही

आता काय सांगू, या वयात माणसानं घरी गप्प बसावं. पण मी नातीच्या शाळेत जाऊन तोंड उघडलं आणि स्वतःची शोभा करून आलो. हसायचं तर हसा, फक्त काफी सांडू नका.

मी चौथीत शाळा सोडली आणि चाळीस वर्षं कुंभकोणम्‌च्या हॉटेलात काफी गाळली. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडं आले ते इकडचेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. या मराठीचा मोठा उपयोग काय, ठाऊक आहे? चारचौघांत कुणालाही काहीही म्हणता येतं. भाजीवालीसमोर उभं राहून म्हणा, "वांगी किडकी आहेत, चल पुढं." ती हसून आणखी दोन वांगी दाखवते. मुलाच्या लग्नाच्या बैठकीत आम्ही व्याह्यांच्या टकलावर त्यांच्यासमोरच चर्चा केली. ते मान डोलवत होते.

आता बायको गेली. सून तमिळ, म्हणून मुलगाही घरात तमिळच बोलतो. माझ्याशी मराठी बोलणारी उरली एकच, नात तुळजा. दहावीत आहे. सुट्टी मिळाली की बसनं स्वामीमलैला जाते आणि मूर्ती ओतणाऱ्यांच्या भट्टीपाशी बसते. आता म्हणते, सेलमला जाऊन धातूंचा डिप्लोमा करणार. तीन वर्षं हॉस्टेलात.

मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही सही केलीत तर पाठवतो." म्हणजे नाही म्हणायचं काम आलं माझ्या गळ्यात.

शाळेत मुलींना पुढं काय शिकायचं ते सांगायला एक बाई येतात. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस, तरी सही नाही, म्हणून त्यांनी मला बोलावलं. तुळजा शेजारीच बसली. बाईंच्या केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा, आणि तमिळ अशी की आमच्या सुनेनं शिकावी.

"अय्या, सेलमबद्दल तुमचं काय म्हणणं?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, आजकाल मुलींनी शिकलंच पाहिजे," मी तमिळमध्ये म्हणालो. आणि तोच चेहरा ठेवून तुळजाला मराठीत, "बोलू दे हिला. मान हलव. सही मी करणार नाही. चष्मा विसरलो म्हणून सांगतो."

बाईंना ठसका लागला. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "अय्या, चष्मा नसला तरी चालेल. फॉर्म मी वाचून दाखवते."

मी तुळजाला म्हटलं, "बाई हुशार आहे. चेहऱ्यावरून ओळखते."

तुळजा खाली बघत बसली. एरवी शब्दाला शब्द देणारी पोर. मला वाटलं घाबरली.

"हॉस्टेलची काळजी वाटते का?" बाईंनी विचारलं.

"छे छे. हॉस्टेल म्हणजे देवळासारखं," हे तमिळमध्ये. आणि मराठीत, "हिचं काय जातं? गजरा माळून यायचं, लोकांच्या पोरी घराबाहेर काढायच्या आणि चार वाजता आपल्या घरी. स्वतःची पोरगी पाठवील का ही?"

बाईंनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती. जरा वेळानं म्हणाल्या, "माझी मुलगी कोइमतूरला हॉस्टेलात असते, अय्या. असंच आपलं सांगितलं."

अहो, एवढ्यावर तरी उमगावं की नाही? नाही उमगलं.

तेवढ्यात तुळजानं मान वर केली. मराठीत म्हणाली, "ताता, खरं सांगा. सही का नको?"

"खरं? तू गेलीस तर त्या घरात मी कुणाशी बोलू? भिंतीशी? भट्टीला माझी ना नाही. तुझा हात चांगला आहे, तिथल्या मूर्ती घडवणाऱ्या स्थपतीनं मला दोनदा सांगितलं. तुला सांगितलं नाही, चढून बसशील म्हणून. पण मी जाईपर्यंत थांबलीस तर तुझं काय बिघडतं?"

आणि लगेच बाईंकडं वळून तमिळमध्ये, "मॅडम, पोरीला सर्दी फार. सेलमची हवा मानवणार नाही."

बाईंनी फाइल खाली ठेवली.

"आजोबा," त्या म्हणाल्या. मराठीत. "सेलमला फोन लागतो. रोज संध्याकाळी बोला. आणि गजऱ्याचं म्हणाल तर सासूबाई माळल्याशिवाय सोडत नाहीत. माझं माहेर सांगलीचं."

खुर्चीखाली जागा असती तर मी तिथं शिरलो असतो.

"तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं?"

"चष्म्यापासून. पण मराठी गोड आहे हो तुमची. माझी पणजी असं बोलायची."

काय करता? खिशातून चष्मा काढला, फॉर्म ओढला आणि सही केली. घाईत नाव फॉर्मच्या रेघेबाहेर गेलं. बाई म्हणाल्या, चालतं.

फाटकाबाहेर आल्यावर मी तुळजाला धरलं. "तुला ठाऊक होतं?"

"वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांनी, सांगलीच्या म्हणून."

"मग मला थांबवलं का नाहीस, गाढवे?"

"कसं थांबवणार, ताता? तमिळमध्ये तर तुम्ही सगळंच खोटं बोलत होता."