साहेबांचा उकिरडा

संस्थान विलीन झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी भोरला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. नवरा पुण्याला छापखान्यात, तो शनिवारी यायचा. समोरच्या घरात संस्थानच्या बागेवरचे एक निवृत्त अधिकारी राहत. सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं. त्यांच्या ओसरीवर उथळ कुंड्यांत बुटकी झाडं मांडलेली असत. हातभर उंचीचा वड, तोही पारंब्यांसकट. बोन्साय हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता. दरवर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्यांचंच. झाड एवढंसं कसं ठेवता, असं कुणी विचारलं की ते हसून म्हणत, "त्याला हात लागतो."

माझं माहेर वेल्ह्याकडे, राजगडाच्या पायथ्याला, पालीजवळच्या वाडीत. एकदा वडील आले ते घोंगडीत गुंडाळलेलं झाड घेऊन. नांदरूक, वडाच्याच जातीचं, बारीक पानांचं.

"कातळाच्या भेगंत व्हतं," ते म्हणाले. "शेरडांनी खाऊन खाऊन वाढूच दिलं न्हाई. खोड बघ, माज्यापरीस म्हातारं दिसतंय. तुज्या सायबाच्या झाडापरीस लई झ्याक हाय का न्हाई?"

त्या हिवाळ्यात वडील गेले. झाड मागच्या दारी डब्यात जगलं होतं. त्याला नीट कुंडीत बसवावं म्हणून उन्हाळ्यात मी ते साहेबांना दाखवायला नेलं. त्यांनी ते चहूबाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "आत्ताच, वैशाखातच कुंडी बदला. मुळं सगळी छाटून टाका, अगदी बोडकी करा. आणि आठवडाभर कडक ऊन दाखवा. मूळ जागं होतं."

मी तसंच केलं. पानं गळली, साल सुरकुतली. एक दिवस फांदी वाकवून पाहिली तर काडीसारखी मोडली.

पुढे काही दिवसांनी मी पोस्टात तिकिटं घेत होते. बाहेर ओसरीवर साहेब कुणाशी तरी बोलत होते. "बाईंचं नांदरूक माझ्या वडाच्या वरताण होतं. प्रदर्शनात आलं असतं तर पंचाईत होती. म्हटलं, दाखवा ऊन!" दोघंही खळखळून हसले.

इथून पुढे मी त्याला 'ते' म्हणणार नाही.

मी भांडायला गेले नाही. भांडले असते तर गावाने दोन दिवस चघळून सोडून दिलं असतं. मला त्याची मिजास उतरवायची होती, आणि ती ज्या गुपितावर उभी होती ते गुपितच मोडायचं होतं.

तो झाडांचं काम आतल्या चौकात, दार लावून करायचा. पण कचरा घराबाहेरच्या उकिरड्यावर पडायचा. येता-जाता मी रोज तिथे थांबू लागले. उन्हाळा सरेपर्यंत तिथे मूळ म्हणून दिसलं नाही. पाऊस धरल्यावर ढीगभर दिसली, पण सगळी जाड, बोटाएवढी. बारीक तंतूंची मुळं एकही नाही. म्हणजे ती तो राखत होता. झाड खातंपितं ते त्यांच्यावरच. त्याच दिवशी पानांचाही ढीग होता. मुळं कमी केली की वरचा भारही हलका करायचा, हे मला तिथे कळलं. चाळणीत उरलेला विटांचा चुरा सापडला, नदीची जाड वाळू सापडली, म्हणजे कुंडीत पाणी तुंबू नये अशी माती. तांब्याच्या तारेचे तुकडे सापडले, स्प्रिंगसारखे वळलेले. फांदीला वळण देऊन झालं की तो तार कापून काढत असणार, नाहीतर ती सालीत रुतली असती.

बाकीचं मी झाडं मारून शिकले. वाड्यांच्या भिंतींतून, विहिरींच्या कठड्यांतून पिंपळ-उंबराची रोपं उपटून आणली. बरीच मेली. छाटल्यावर कुंडी पंधरा दिवस सावलीत ठेवायची, हे समजलं तेव्हापासून जगू लागली. एकेक जगलं की मला आनंद व्हायचा, पण तो झाडाचा नव्हता. त्याचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा.

एक-दोन वर्षांनी मी गावाला शिकवायला सुरुवात केली. शनिवारी शाळा सुटल्यावर पटांगणात ज्याला हवं त्याने यावं. मुलींच्या आया आल्या, कापडवाला आला, आंबवड्याहून एक पुजारी यायचे. कुंभाराकडून बुडाला भोकं पाडलेल्या पसरट कुंड्या करून घेतल्या. मी काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. कुणी एकदा विचारलं तर मी तीनदा सांगायचे.

त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याच्या वडाभोवती टेबलभर बुटकी झाडं बसली. उंबर, पिंपळ, चिंचा. काही वेडीवाकडी होती, पण सगळी हिरवीगार. त्याच्या वडापुढे कुणी थांबेना. लोक एकमेकांना मुळं कशी राखायची ते समजावत होते, आणि तो ऐकत उभा होता.

शेवटी तो माझ्याकडे आला. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुमच्या उकिरड्याने," मी म्हणाले. आजूबाजूची माणसं हसली. पोस्टाच्या ओसरीवर तो हसला होता तशीच, मोकळी.

बक्षीस त्या वर्षीही त्यालाच मिळालं. ते घ्यायला तो थांबला नाही. पुन्हा कधी प्रदर्शनात आला नाही. लोक म्हणत, बाई, म्हाताऱ्या माणसाला फार लागलं हो. लागावं म्हणूनच केलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात एका शनिवारी त्याची बायको पटांगणात आली. पदराखाली पिंपळाचं रोप होतं. "आमच्या घरात मला कुंडीला हात लावायची मुभा नाही," ती म्हणाली. "मला शिकवाल?"

मी तिला शेजारी बसवून घेतलं. कात्री कशी धरायची इथपासून सांगितलं. संध्याकाळी आम्ही बरोबरच घराकडे निघालो. तो ओसरीवर बसला होता. तिच्या हातातली कुंडी त्याने पाहिली. मी रस्त्यातच थांबले आणि त्याला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "वहिनी, पुढच्या शनिवारी तार गुंडाळायला शिकवते. घरून तांब्याची आणा."